दिल्लीत रोज एकच दिशा: कोकणातून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमच्या वाडीतली मंडळी दिल्लीहून परत आली की ओटीवर बसून फोटो दाखवतात. लाल दगडाची एक कमान येते, मग दुसरी येते, आणि ‘ही कुठली गो?’ असं कुणी विचारलं की सांगणाऱ्याचाच गोंधळ होतो. दोष त्यांचा नसतो. सकाळी सातला बसमध्ये बसवून रात्री आठपर्यंत बारा ठिकाणं दाखवणारी सहल असली, की कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा डोक्यात एकाच जागी जाऊन बसतात.

मी चारदा दिल्लीला गेले. पहिल्यांदा अशाच बसमधून. नंतर एकदा आई-अण्णांना घेऊन, एकदा बहीण-भावोजींबरोबर, आणि मागच्या फेब्रुवारीत वाडीतल्या सहा जणांना घेऊन. त्यातून जे हाती लागलं ते क्रमानं सांगते. सगळ्यात आधी एक नियम: रोज एकच दिशा धरायची. लाल किल्ल्यापासून कुतुबमिनार साधारण रत्नागिरीहून पावस आहे तेवढा लांब, आणि मधला सगळा रस्ता गर्दीचा. एका दिवसात दोन्ही करायला गेलात तर दिवस रस्त्यातच जातो.

कधी जायचं

आपल्याला सुट्टी मिळते ती मे महिन्यात, गणपतीत आणि दिवाळीत. गणपतीत कोकण सोडून कुणी जात नाही. मे महिन्यात दिल्लीचा पारा चाळिशीच्या वर असतो, कधी पंचेचाळीसला टेकतो. आपला उकाडा घामाचा असतो. तिथली गरम हवा अंगातलं पाणी शोषून घेते आणि घाम आलेला कळतही नाही. दिवाळीनंतर हवेत धूर साचतो. दम्याचा त्रास असलेल्यांना नोव्हेंबर ते जानेवारी नेऊच नका. डिसेंबर-जानेवारीत धुकं पडतं आणि गाड्या तासन् तास रखडतात.

राहिला फेब्रुवारी. तो सगळ्यात चांगला. ऊन कोवळं, बागांमध्ये फुलं, आणि राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही साधारण याच दिवसांत लोकांसाठी उघडतं. आंबा बागायतदारांना मोहोर आणि फवारणी सोडून फेब्रुवारीत निघणं जड जातं, त्यांना ऑक्टोबर बरा. फक्त दिवाळीच्या आधी परत फिरावं. शिमग्याला पालखी घरी यायच्या आत परतायचं हे तर सांगायलाच नको.

दोन तारखा टाळा. २६ जानेवारीच्या आधी संचलनाच्या तालमींमुळे कर्तव्यपथाच्या भागातले रस्ते वरचेवर बंद असतात. १५ ऑगस्टच्या आधी काही दिवस लाल किल्ला पर्यटकांसाठी बंद ठेवतात.

आणि सोमवार. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, गांधी स्मृती, पंतप्रधान संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, लोटस टेंपल, अक्षरधाम: ही सगळी सोमवारी बंद. आई-अण्णांना घेऊन मी सोमवारीच लाल किल्ल्यावर गेले होते. अण्णांनी बंद दरवाजाला बाहेरून नमस्कार केला आणि आम्ही परत फिरलो. तेव्हापासून गाडीचं तिकीट काढायच्या आधी मी कॅलेंडर उघडते. सोमवार मध्ये येतच असेल तर तो कुतुबमिनार किंवा हुमायूनच्या मकबऱ्यासाठी ठेवा, ती दोन्ही रोज उघडी असतात. आग्र्याचा ताजमहाल मात्र शुक्रवारी बंद.

गाडी

रत्नागिरीहून दिल्लीला जायला मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस रोज आहे. ती कल्याण, नाशिक, भुसावळ, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा करत हजरत निजामुद्दीन स्टेशनला संपते. एक दिवस, एक रात्र आणि वर काही तास धरा. काही राजधानी गाड्याही रत्नागिरीला थांबतात. त्या महाग, पण वेळ वाचतो आणि जेवण मिळतं. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे तो दिवस लक्षात ठेवून सकाळी आठलाच तिकीट काढायला बसा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, दरडींच्या भीतीनं गाड्या सावकाश सोडतात.

घरात वडीलधारी असतील तर मंगला निवांत पडते, मला तीच आवडते. स्लीपरच्या गादीच्या बर्थवर आडवं झालात की मधू दंडवत्यांची आठवण काढा. आधी दुसऱ्या वर्गात नुसत्या लाकडी फळ्या असत. राजापूरचे हे खासदार १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते, त्यांनी साध्या प्रवाशाच्या बर्थला फोम लावून घेतला. कोकण रेल्वेसाठीही ते आयुष्यभर झगडले. १९९८ च्या २६ जानेवारीला पूर्ण मार्ग सुरू झाला, म्हणून आज आपण दादर न गाठता आपल्याच स्टेशनवरून दिल्लीची गाडी पकडतो.

ग्वाल्हेर गेलं की खिडकीशी बसा. पुढे चंबळच्या घळी लागतात. मातीचे उंच-सखल कडे, हिरवं पान नावाला. हातिवले आणि आडवलीच्या सड्यावर वाढलेल्या माणसालाही असला उजाड मुलूख नवा वाटतो.

पिशवीत काय

स्वेटर हवाच. आपल्याकडे बऱ्याच घरांत तो नसतो, मुंबईच्या भावाकडून मागून घ्या. फेब्रुवारीतही सकाळ-संध्याकाळ लागतो. खोबरेल तेलाची बाटली न्याल तर ते तिथे घट्ट बसतं, म्हणून ते रुंद तोंडाच्या डबीत न्या, बोटानं काढता येतं. हवा इतकी कोरडी असते की दुसऱ्या दिवशी ओठ फुटतात. मोजे दोन जोड जास्त: गुरुद्वारात, देवळात, मशिदीत चपला काढाव्या लागतात आणि संगमरवर बर्फासारखा गार असतो.

ओळखपत्र मूळ हवं, झेरॉक्सवर अडवतात. पानसुपारीची सवय असलेल्यांनी अडकित्ता खोलीवरच ठेवावा. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनवर आणि प्रत्येक स्मारकाच्या दारात पिशव्या यंत्रातून जातात, आणि अडकित्ता दिसला की सगळा घोळका थांबतो. सुपारी घरीच कातरून न्या.

राहणं आणि फिरणं

राहण्यासाठी जागा निवडताना एकच बघा, मेट्रो स्टेशन चालत दहा मिनिटांत हवं. करोलबाग किंवा नवी दिल्ली स्टेशनजवळचं पहाडगंज या भागांत खिशाला परवडणारी हॉटेलं पुष्कळ. पहाडगंज गजबजलेलं आहे, म्हातारी माणसं बरोबर असली तर करोलबाग शांत पडतं. खोली आधी बुक करून जा आणि स्टेशनवर उतरल्यावर ‘तुमचं हॉटेल बंद झालंय’, ‘सरकारी पर्यटन कार्यालयात चला’ असं सांगणाऱ्या कुणाचंही ऐकू नका. हॉटेलला स्वतः फोन करा. आम्हाला एका रिक्षावाल्यानं चांदणी चौकात आज दंगल आहे असं सांगितलं होतं. आम्ही मेट्रोनं गेलो तर तिथे लोक निवांत जिलेबी खात होते.

मेट्रोला घाबरू नका. २००२ साली सुरू झाली आणि आज शहराच्या जवळपास प्रत्येक कोपऱ्यात जाते. रेषांना रंग आहेत: पिवळी, निळी, जांभळी, गुलाबी. जमिनीवर रंगीत पावलं काढलेली असतात, गाडी बदलायची असेल तर आपल्या रंगाची पावलं धरून चालत राहायचं. पाटी हिंदीत असते, म्हणजे आपल्याला वाचता येते. पहिल्याच दिवशी प्रत्येकासाठी स्मार्ट कार्ड घ्या, रांगेतला वेळ वाचतो. गाडीच्या दिशेचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. गटानं जात असाल तर आधीच ठरवून ठेवा की चुकामूक झाली तर पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच उभं राहायचं, हलायचं नाही.

निजामुद्दीनला उतरलात की सराय काले खाँच्या बाजूला गुलाबी रेषेचं स्टेशन आहे. तिथून लाजपत नगरकडे निघालं की वाटेत ‘विनोबापुरी’ लागतं. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांचं नाव तिथल्या वसाहतीला आहे. पहिल्याच मेट्रोत हे नाव ऐकू आल्यावर आमच्या शेजारच्या काकी एकदम सैलावल्या.

पहिली संध्याकाळ: इंडिया गेट

गाडीतून उतरल्यावर आंघोळ, जेवण, झोप. त्या दिवशी दुसरं काही धरू नका. ऊन उतरलं की इंडिया गेटला जा.

४२ मीटर उंचीची ही कमान लुटेन्सनी आखली आणि १९३१ साली ती पुरी झाली. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या अफगाण लढाईत पडलेल्या, ब्रिटिशांच्या फौजेतल्या हिंदी सैनिकांची १३ हजारांवर नावं तिच्यावर कोरलेली आहेत. त्यामागेच राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, २०१९ च्या फेब्रुवारीत उघडलेलं, प्रवेश मोफत. बरेच लोक कमानीपाशी फोटो काढून परत जातात आणि मागचं स्मारक बघतच नाहीत. तुम्ही तसं करू नका. स्वातंत्र्यानंतर देशासाठी गेलेल्या जवानांची नावं तिथे ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर आहेत, चक्रव्यूहासारख्या गोल भिंतींवर. ज्याच्या घरातला कुणी गेलाय त्याला नाव शोधून बोट ठेवता येतं.

शेजारी परमवीर चक्र मिळालेल्यांचे अर्धपुतळे आहेत. त्यात सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे शोधा. कारवारजवळच्या चेंडिया गावचा हा माणूस, आपल्याच किनाऱ्याचा. ८ ते ११ एप्रिल १९४८ या दिवसांत नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे गोळीबारात काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीर चक्र हयातीत मिळालेले ते पहिले. सूर्यास्ताच्या सुमाराला तिथे मानवंदना असते, ती होईपर्यंत थांबा.

दुसरा दिवस: जुनी दिल्ली

हा दिवस सगळ्यात मोठा आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा. सकाळी लवकर निघा. जांभळ्या रेषेवर ‘लाल किला’ स्टेशन आहे, वर आलं की समोर तटबंदी.

तिकीट दारातला क्यूआर कोड मोबाईलनं घेऊन काढता येतं. भारतीयांना स्वस्त आहे आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ. आत शिरण्याआधी दोन मिनिटं दगड बघा. रंगानं तो आपल्या जांभ्याचा भाऊ वाटतो, पण जवळ जाऊन हात लावा. जांभा सच्छिद्र, त्याचा चिरा कापता येतो, पण त्यावर नाजूक वेलबुट्टी उठत नाही. हा वालुकाश्म, कण बारीक, म्हणून कारागिरांना त्यावर पाकळ्या कोरता आल्या.

शाहजहाननं आग्र्याहून राजधानी इथे आणली आणि १६३९ ते १६४८ या काळात हा किल्ला बांधून घेतला. लाहोरी दरवाजातून आत गेलात की छत असलेला बाजार लागतो, छत्ता चौक. खरेदी येताना करा. पुढे दिवाण-ए-आम आणि त्यामागे दिवाण-ए-खास. मागची बाजू पूर्वी यमुनेच्या काठावर होती, आता नदी लांब सरकली आहे. खाडीचं पात्र कसं सरकतं ते आपण बघतोच.

दिवाण-ए-खासपाशी सावलीत बसा. आम्ही तासभर बसलो होतो. इथलं मयूरसिंहासन नादिरशहानं १७३९ मध्ये लुटून नेलं. छताला चांदीचा पत्रा होता, तो १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवून वितळवला, फौजेला पैसा हवा होता म्हणून. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. आपल्या माणसांनी केलेलं आहे, ते तिथे बसून मुलांना सरळ सांगावं असं मला वाटतं. आणि त्याच्या आधीचंही सांगावं: श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट १७१९ साली याच शहरातून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, आणि इतकी वर्षं मोगलांच्या कैदेत असलेल्या येसूबाई त्याच वेळी सुटल्या. किनाऱ्यावरच्या एका गावातला माणूस, तेव्हा ना रेल्वे ना रस्ता.

रत्नागिरीच्या माणसाला या दिवाणखान्यात आणखी एक धागा सापडतो. १८५७ च्या उठावानंतर शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर याच्यावर इथेच खटला चालला, आणि त्याला रंगूनला नेऊन ठेवलं. तो १८६२ मध्ये तिथेच वारला. पुढे १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला तेव्हा तिथल्या राजाला, थिबाला, त्यांनी उलट इकडे आणलं, आपल्या रत्नागिरीत. १९१० मध्ये त्याच्यासाठी भाट्याच्या खाडीवर नजर जाईल असा राजवाडा बांधला, आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच गेला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात पुरला, ब्रह्मदेशचा राजा आपल्याकडे. थिबा पॅलेस आपण लहानपणापासून बघतो. त्याची दुसरी बाजू मला या संगमरवरी खांबांपाशी कळली.

किल्ल्यातच आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर १९४५ मध्ये खटला चालला. त्याचं संग्रहालय बघायला अर्धा तास ठेवा.

बाहेर आलं की समोर चांदणी चौक. दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारगाड्यांना बंदी आहे, सायकल रिक्षा चालतात. मी चालतच जायला सांगेन. सुरुवातीला लाल जैन मंदिर, तिथल्या पक्ष्यांच्या दवाखान्यासह. त्याला लागून गौरीशंकर मंदिर: शिंद्यांच्या पदरी असलेल्या आपा गंगाधर नावाच्या मराठी माणसानं ते बांधल्याचं सांगतात. पुढे सीसगंज गुरुद्वारा, जिथे १६७५ साली गुरू तेगबहादूरांनी धर्मासाठी प्राण दिले. डोकं झाकून आत जा, जमिनीवर बसून लंगर घ्या. पैसे मागत नाहीत, जात विचारत नाहीत. आमच्या गटातल्या बायकांनी नंतर तासभर पोळ्या लाटल्या.

खायचं काय? पराठेवाली गली प्रसिद्ध आहे, पण ते पराठे तुपात तळलेले असतात. पोट नाजूक असेल तर एकात दोघांनी खा. थंडीच्या दिवसांत ‘दौलत की चाट’ म्हणून दुधाचा फेस पानात देतात, तो नक्की चाखा, तोंडात ठेवला की विरून जातो. रस्त्याच्या शेवटी फतेहपुरी मशीद, आणि तिच्यामागे खारी बावली, मसाल्यांचा घाऊक बाजार. मिरचीच्या पोत्यांमधून जाताना नाकाला रुमाल लावा. काजू तिथेही मिळतात. भाव विचारून घ्या आणि आपले गावठी काजू आठवून परत या.

जामा मशीद शेवटी, चार वाजायच्या सुमाराला. १६५६ मध्ये पुरी झाली. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी बाहेरच्यांना सोडत नाहीत. पायऱ्यांवरून मागे वळून बघितलंत की सकाळी बघितलेला किल्ला आता ओळखीचा वाटतो. एवढं झालं की खोलीवर. पाय दुखत असतात, दुखू द्या.

तिसरा दिवस: दक्षिणेकडे

पिवळ्या रेषेनं ‘कुतुबमिनार’ स्टेशन, तिथून रिक्षा. सकाळी आठच्या आत पोचलात तर मिनार तुमच्यापुरता असतो. उंची ७२.५ मीटर. कुतुबुद्दीन ऐबकनं बाराव्या शतकाच्या शेवटी सुरुवात केली, इल्तुतमिशनं वर मजले चढवले. १९८१ मध्ये आत चेंगराचेंगरी झाली तेव्हापासून वर जाऊ देत नाहीत. शेजारच्या मशिदीचे खांब नीट बघा, जुन्या देवळांमधून आणलेल्या त्या खांबांवर साखळीला टांगलेल्या घंटा अजून दिसतात.

पण कोकणच्या माणसानं खरं थांबायचं ते लोखंडी खांबापाशी. मिऱ्याला किंवा हर्णैला घर असलेल्याला सांगायला नको, खिडकीचे गज तीन पावसाळ्यांत पापुद्रे धरतात, गेटाला दरवर्षी रंग काढावा लागतो. हा खांब सुमारे १६०० वर्षं उघड्यावर उभा आहे. उंची सात मीटरच्या वर, वजन सहा टनांच्या आसपास, आणि वरचा ब्राह्मी लेख अजून वाचता येतो. कारण त्याच्या लोखंडात आहे. लाकडी कोळशावर गाळलेल्या त्या लोखंडात फॉस्फरस बराच राहिला, आणि त्यामुळे खांबावर गंजाचाच एक पातळ, घट्ट थर बसला जो आतल्या लोखंडाला जपतो. दिल्लीची कोरडी हवा मदतीला आहेच. आमच्या बरोबरचे वेल्डिंगचं काम करणारे भाऊ तिथून हलेनात. कुंपणाबाहेरून बघावं लागतं, हात लावता येत नाही.

लोटस टेंपल याच बाजूला आहे. २७ पाकळ्यांची इमारत, आत शांत बसायचं. रांग लांब असेल तर बाहेरून बघून पुढे चला, मनाला लावून घेऊ नका.

दुपारनंतर परत येताना हुमायूनचा मकबरा. १५७२ च्या सुमाराचा, हुमायूनच्या बेगमनं बांधवून घेतलेला, ताजमहालाच्या आधीचा नमुना. त्याच्या चौकोनी बागेतून दगडी पाट वाहतात. पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी कसं फिरवतात ते ज्यानं बघितलंय, त्याला ही बाग लगेच कळते: उतार इतका बेताचा ठेवलाय की पाणी धावत नाही आणि साचतही नाही. जफर बादशहा सप्टेंबर १८५७ मध्ये इथेच लपला होता आणि इथूनच त्याला पकडून नेलं. काल बघितलेल्या गोष्टीचा हा आधीचा भाग. शेजारच्या सुंदर नर्सरीत म्हाताऱ्यांना बसायला बाकं आहेत.

संध्याकाळी दिल्ली हाट, ‘दिल्ली हाट आयएनए’ स्टेशनला लागून. वेगवेगळ्या राज्यांचं जेवण आणि कारागिरांची दुकानं एका आवारात.

चौथा दिवस: गांधी स्मृती आणि अलीपूर रोड

सकाळी तीस जानेवारी मार्गावरचं बिर्ला भवन. गांधीजी शेवटचे १४४ दिवस इथे होते. त्यांच्या खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत सिमेंटमध्ये पावलं केली आहेत, ती जिथे थांबतात तिथे ३० जानेवारी १९४८ ला गोळी लागली. मुलं बरोबर असतील तर पावलांच्या बाजूनं त्यांना चालू द्या, काही सांगावं लागत नाही.

जवळच लोधी बाग. तिला लागून इंडिया इंटरनॅशनल सेंटर आहे, ते उभं करण्यात महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांचा मोठा वाटा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर अर्थमंत्री, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. आत सदस्यांनाच जाता येतं, बाहेरून बघा.

दुपारी पिवळ्या रेषेनं उत्तरेला, सिव्हिल लाइन्सकडे. २६, अलीपूर रोड. सहलीच्या बसा इथे सहसा येत नाहीत, म्हणून आवर्जून लिहिते. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ ला याच जागी गेले. आता तिथे उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचं राष्ट्रीय स्मारक आहे, संविधानाचं पुस्तक. २०१८ मध्ये उघडलं. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ च्या मार्चमध्ये त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं ते आपल्याच जिल्ह्याशेजारी. आमच्या गटातले आंबडव्याजवळचे एक आजोबा आत शिरताना चपला काढायला वाकले. रखवालदार म्हणाला, गरज नाही. त्यांनी तरी काढल्या.

राष्ट्रपती भवन बघायचं असेल तर ते याच दिवशी सकाळी बसवा, पण घरूनच संकेतस्थळावर नोंदणी करून वेळ घ्यावी लागते. ३४० खोल्यांची इमारत, तिथले मार्गदर्शक चांगलं समजावतात. राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची नर्तकी आहे. पुस्तकातल्या फोटोवरून ती मोठी वाटते, प्रत्यक्षात साडेदहा सेंटीमीटर, माझ्या तळहातात मावेल एवढी.

आग्रा

पाचवा दिवस हातात असेल तर निजामुद्दीनहून सकाळच्या गतिमान एक्सप्रेसनं आग्रा, संध्याकाळी परत. शुक्रवार सोडून. चार दिवसांतून आग्रा काढायला जाऊ नका.

जेवणाचं

मासे चार दिवस विसरा. चित्तरंजन पार्कच्या बाजारात बंगाली दुकानांवर मासे मिळतात, पण ते गोड्या पाण्यातले, आपल्या जिभेला त्यात समुद्र सापडत नाही. तिसऱ्या दिवशी वरणभाताची आठवण फारच येऊ लागली तर कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे, तिथल्या उपाहारगृहात थालीपीठ आणि साबुदाणा वडा मिळतो. आईनं तिथे आमटीचा वास घेऊनच डोळे मिटले होते. बरोबर कोकम आणि मेतकूट न्या, गरम भात कुठल्याही हॉटेलात मिळतो. पाणी बाटलीचं किंवा फिल्टरचं, रस्त्यावरच्या सरबतात बर्फ घालू देऊ नका.

कुणाकडे मुक्काम असेल तर हात रिकामे नेऊ नका. आंबापोळी, फणसपोळी, काजू. दिल्लीतल्या माणसाला फणसपोळी काय ते समजावून सांगावं लागतं, आणि मग ती संपते.

परत येताना

निजामुद्दीनला गाडी सुटायच्या तासभर आधी पोचा, पिशव्यांची तपासणी होते आणि प्लॅटफॉर्म लांब असतात. मंगलेत बसल्यावर तिकिटं, कार्डं, फोटो सगळं गाडीतच लावून ठेवा, दिवसांप्रमाणे. घरी गेल्यावर कुणी लावत नाही. प्रत्येक फोटोखाली जागेचं नाव आणि काय आवडलं ते एका ओळीत लिहा. आमच्या गटानं लिहिलं तेव्हा सहा जणांपैकी चौघांनी लोखंडी खांब लिहिला होता. रत्नागिरीला उतरलात आणि अंगात त्राण असलं, तर घरी जाण्याआधी रिक्षा थिबा पॅलेसवरून घ्या. पोरांनी शाळेच्या सहलीत तो बघितलेला असतो, पण या वेळी ती विचारतील की हा राजा इथे का आला, आणि तुम्हाला सांगता येईल.